खंडेनवमीला उघडा राहिलेला मायक्रोवेव्ह

आबा, तुम्ही गेल्यानंतर एक मशीन घराघरात आलं, त्याच्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. मायक्रोवेव्ह म्हणतात त्याला. लहान टीव्हीएवढी पत्र्याची पेटी, पुढे काचेचं दार, आत फिरणारी काचेची ताटली. त्यावर आमटीची वाटी ठेवायची, दार लावायचं, बटण दाबायचं. जाळ नाही, तार लाल होत नाही, धूर नाही, आणि दोन मिनिटांत आमटी जिभेला पोळते. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, जाळ दिसत न्हाय तिथं हात घालायचा न्हाय. आणि मी हसलो असतो. तुमच्या बोलण्यावर मी आयुष्यात बराच हसलो आहे. आज हे लिहायला बसलोय, त्याला तेही एक कारण आहे.

या मशीनची एक तक्रार सगळ्यात जास्त येते. गिऱ्हाईक मशीन रिक्षातून घेऊन येतं, कट्ट्यावर ठेवतं आणि सांगतं, चालतंय सगळं, फक्त तापत नाही. दिवा लागतो, ताटली फिरते, पंखा घुमतो, वेळ संपली की घंटी वाजते, आणि आमटी ठेवली होती तशी गार. लोकांना वाटतं, एवढं सगळं चालतंय म्हणजे बारीकसारीक काहीतरी असणार. मला उलटं वाटतं. ठार बंद पडलेल्या मशीनची मला भीती नाही. चालतं पण तापत नाही, त्याची आहे. आत एक ट्रान्सफॉर्मर असतो, तो घरातल्या विजेचे दोन हजारांच्या वर व्होल्ट करतो. शेजारी एक कपॅसिटर, चपट्या डबीसारखा, चकचकीत, वर पत्र्याच्या दोन जिभा. तो ती वीज साठवतो आणि मॅग्नेट्रॉन नावाच्या भागाला पुरवतो, अन्न तापवायचं काम त्या भागाचं. आता मॅग्नेट्रॉननं वीज घेतलीच नाही, तर ती जाणार कुठं? प्लग काढला तरी डबीत बसून राहू शकते. आवाज नाही, वास नाही, बाहेरून कळायला काही मार्ग नाही.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. शिवाजी पेठेत माझं दुकान आहे, म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. तिथं बसून रद्दीवाल्याकडून आणलेली इंग्रजी पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. एकेका पानाला दोन-दोन दिवस लागले. या मशीनचा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं सोडणारा भाग, साध्या मीटरवर चांगला असला तरी दोन्ही बाजूंनी बंदच दाखवतो, मध्ये नऊ व्होल्टची बॅटरी जोडून मोजावा लागतो. त्या वेळी ही गोष्ट गावात किती मेकॅनिकांना ठाऊक होती ते मी एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवतो, आणि त्यातलं पहिलं बोट माझं. बाकीचे चांगला डायोड काढून नवा बसवायचे आणि मशीन तापत नाही म्हणून डोकं धरून बसायचे. कुणी विचारलं, कुठं शिकलात, तर माझं उत्तर ठरलेलं. कुठंही नाही. स्वतःच शिकलो. तुमचं नाव मी त्यात कधी घेतलं नाही. तुम्ही खांबावर चढणारे लाइनमन, तुमचा आणि या कामाचा संबंध काय, असं मला खरोखर वाटायचं.

तुमची आठवण आली की मला तो मलकापूरच्या पुढचा खांब दिसतो. रत्नागिरी रस्त्यावर झाड पडून तार तुटली होती, तीन दिवस आजूबाजूच्या वाड्यांना लाईट नव्हती. तेव्हा आपण मलकापुरातच राहायचो. मी तुमचा भाकरीचा डबा घेऊन सायकलवरून येतो. खांबाखाली पंचवीस-तीस माणसं जमलेली, त्यात पिठाच्या गिरणीचा मालक सगळ्यात पुढे, कारण सगळ्या गावाचं दळण त्याच्याकडे तुंबलेलं. जीपमधून आलेले तरुण साहेब तुम्हाला सांगतायत की सबस्टेशनातून लाईन बंद केल्याचं त्यांनी स्वतः फोनवरून विचारून घेतलं आहे, आता वेळ घालवू नका, चढा. तुम्ही मान डोलावता आणि चढत नाही. लोखंडी पहार ओल्या मातीत ठोकता, तिला साखळी बांधता आणि साखळीचं दुसरं टोक वरच्या तारांवर फेकता, तारांत वीज असलीच तर ती जमिनीत जावी म्हणून. पहिल्यांदा हुकते. दुसऱ्यांदा हुकते. गिरणीवाला मोठ्यानं म्हणतो, "काय पावणं, खांब चावतोय व्हय?" सगळे हसतात. साहेबही हसतात. तिसऱ्यांदा साखळी तिन्ही तारांवर पडते आणि काहीच होत नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. लाईन बंदच होती. मग तुम्ही पायताण काढून खांबाला हात लावून नमस्कार करता आणि चढता. मी डबा झाडाच्या बुंध्याशी ठेवून तुमच्याकडे न बघता सायकल वळवतो. आबा, मला त्या दिवशी तुमची लाज वाटली. पुढे गावात तुम्हाला मागून साखळीवाला म्हणायचे, तेव्हाही मी ऐकलं नाही असं दाखवायचो.

संध्याकाळी जेवताना तुम्ही आपणहून बोललात. तसं तुम्ही कधी बोलत नव्हता, म्हणून शब्द लक्षात आहेत. "लाईन बंद करणं दुसऱ्याचं काम. मारणं आपलं. बंद हाय म्हंजे मेली न्हवं. आपल्या डोळ्यादेखत मारायची, मग हात लावायचा." हे तुम्ही कुणाकडून शिकलात, कुणाला बघून शिकलात, ते मी विचारलं नाही. पुढेही विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं तर तुमच्या वेळचं कुणी उरलेलं नाही.

दुसरा दिवस टीव्हीचा. नव्वदी नुकतीच लागली होती. शेजारच्यांचा रंगीत टीव्ही मी घरी आणून उघडला होता, शेजारी स्वतः समोर बसलेले. मी बटण बंद केलेलं, प्लग काढलेला, आणि पिक्चर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली हात घालणार, तेवढ्यात तुम्ही मागून येऊन सदऱ्याची कॉलर धरून मला मागं ओढलंत. पंचवीस वर्षांच्या मुलाला, परक्या माणसासमोर.

"मारलीस?"

"बंद हाय की आबा. प्लग काढलाय."

"बंद हाय ते मलाबी दिसतंय. मारलीस का, ते इचारतोय."

मी म्हणालो, तुमची भीती तुमच्यापाशी ठेवा, मला काम करू द्या. शेजाऱ्यांनी खाली बघितलं. तुम्ही पायताण घातलं आणि बाहेर गेलात. तुम्ही गेल्यावर मी एक तार टीव्हीच्या आतल्या पत्र्याला लावली आणि तिचं दुसरं टोक त्या टोपीखाली नेलं. चट्कन ठिणगी पडली. शेजारी दचकून उठून उभे राहिले. मी त्यांना म्हणालो, असं होतंच. तेव्हापासून मी कुठल्याही मशीनला, ते मारल्याशिवाय, हात लावला नाही, पण त्या दिवशी ठिणगी पडली होती हे तुम्हाला सांगितलं नाही. त्यानंतर चार-पाच वर्षांत तुम्ही छातीच्या दुखण्यानं गेलात. तोपर्यंत सांगायला रोज वेळ होता.

आता खंडेनवमीचं सांगतो. तुमच्या सुनेनं तुमचं बघून ती रीत उचलली आहे, माझं बघून नाही. लग्न होऊन आली त्या पहिल्याच वर्षी तिनं तुम्हाला पाटावर हत्यारं मांडताना बघितलं. पक्कड, पान्हा, हातमोजे, आणि सगळ्यांच्या आधी ती साखळी. तिला तुम्ही स्वतः हळद-कुंकू लावायचा, फूल वाहायचा, आणि एकदा हत्यारं पाटावर गेली की दुसऱ्या दिवशी शिलंगण होईपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. तुम्ही तर त्या दिवसाची ड्युटी आधीच कुणाशी तरी बदलून घ्यायचा. तेच तिनं माझ्या दुकानात चालू ठेवलं. माझा टेस्टर, मीटर, सोल्डरिंग गन, सगळं पुसून पाटावर. आणि दुकानात जेवढी मशिनं असतील, आपली असोत की गिऱ्हाइकाची, प्रत्येकाला हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल.

तीन वर्षांपूर्वी नवमीच्या आदल्या दिवशी एक बाई मायक्रोवेव्ह घेऊन आल्या होत्या. चालतंय, पण तापत नाही. दसऱ्याला पाहुणे येणार, तेव्हा जमलं तर बघा, असं अगदी अदबीनं म्हणाल्या. अदबीनं बोललं की मी फसतो. संध्याकाळी उघडला, कपॅसिटर नेहमीसारखा मारला, म्हणजे मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं दोन्ही जिभांवर टेकवून साठलेली वीज संपवली, मग मोजमाप केलं. डायोडवर संशय आला. नवमीच्या सकाळी आंघोळीच्या आधीच बसलो आणि डायोड बदलला. मग कपभर पाणी आत ठेवून मशीन एक मिनिट चालवलं. वरचं पत्र्याचं झाकण न लावता. तसं करायचं नसतं, मी दुसऱ्या मेकॅनिकला त्यावरून सुनावलं असतं. मिनिटानं कपात बोट बुडवलं, पाणी गार. प्लग काढला आणि स्क्रू ड्रायव्हरसाठी हात मागं केला, तर जागेवर स्क्रू ड्रायव्हर नाही. तुमची सून मागच्या मागं येऊन सगळी हत्यारं गोळा करून घेऊन गेली होती.

मी आत गेलो. हत्यारं पाटावर ओळीनं मांडलेली, ती कुंकवाची वाटी शोधत होती. म्हटलं, तो मोठा स्क्रू ड्रायव्हर एक मिनिट दे. ती मान वर न करता म्हणाली, "आता न्हाय. देवाचं झालं ते. उद्या शिलंगण झालं की उचला." मी म्हटलं, एकच काम आहे. "आबांचं ठावं हाय न्हवं? तुमचं एकच काम दिवसभर चालतंय." तुमचं नाव घेतलं की आपल्या घरात वाद संपतो. मीही म्हटलं, जाऊ दे. वाद टाळायला म्हटलं असं नाही, आबा, खरं सांगतो, मी पुस्तकाच्या जोरावर म्हटलं. त्या कपॅसिटरच्या पोटात एक बारीक रेझिस्टर असतो. प्लग काढल्यावर साठलेली वीज हळूहळू जिरवायचं काम त्याचं. काही मिनिटांत डबी आपोआप रिकामी होते, असं पुस्तकात लिहिलेलं, आणि ते पान मला पाठ. मशीन तसंच उघडं टाकलं, दुकानाचं दार लोटलं, आंघोळ केली आणि फुलं आणायला बाजारात गेलो.

तासाभरानं आलो. हातात झेंडूची माळ आणि आपट्याची पानं. दुकानाच्या दारातून आत बघतो तर ती पूजा करत आलेली. ड्रिल झालं, दोन टीव्ही झाले, मिक्सर झाला. न्हाऊन आलेली, केस ओले, फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी. पूजेचं ताट कट्ट्यावर टेकवलेलं. डावा हात मायक्रोवेव्हच्या पत्र्याच्या कडेवर टेकून ती आत वाकून बघतेय, कुंकू कुठं लावावं म्हणून. आत सगळं काळं-करडं, फक्त ती कपॅसिटरची डबी चकचकीत. तिला तीच देवासारखी वाटली असणार. उजव्या हाताची अनामिका कुंकवात बुडवून तिनं डबीच्या अंगाला टिकली लावली. तिथं धोका नव्हता, ते अंग पत्र्यालाच जोडलेलं असतं. मग हळद. तीही अंगाला. मग तिनं ताटातलं झेंडूचं फूल उचललं, पाण्यातून काढलेलं, थेंब गळणारं, आणि ते डबीच्या डोक्यावर ठेवायला हात पुढं नेला. डोक्यावर त्या दोन जिभा. एक हात पत्र्यावर, दुसरा जिभेवर, म्हणजे विजेच्या वाटेत मध्ये छाती. मी हे सगळं तुम्हाला हात-पाय मोजून सांगतोय, कारण मी तेव्हाही ते असंच मोजलं. एवढ्या वेळात माणूस किती मोजतो याचं मला अजून नवल वाटतं. आणि माझ्या मनात पुस्तकाचं ते पान आलंच नाही. तुमचा आवाज आला. मारलीस का?

ओरडावं तर ती दचकणार, आणि दचकलं की हात पुढंच जातो. मी शक्य तेवढ्या हळू म्हणालो, "अगं, त्याला नको. ते गिऱ्हाइकाचं आहे."

ती वळून न बघता म्हणाली, "घरात हाय तवर आपलंच की."

आणि फूल आणखी खाली गेलं. मी माळ टाकली, तीन ढांगांत कट्ट्यापाशी गेलो आणि तिचं मनगट धरून वर उचललं. जोरात धरलं. तिच्या कोपराचा धक्का लागून ताट खाली गेलं, निरांजन विझलं, कुंकू फरशीभर झालं. सणाच्या दिवशी, नवमीला, बाईच्या हातून कुंकू सांडलं. तिनं माझ्याकडे बघितलं, ती नजर मी तुम्हाला सांगू शकत नाही. मनगटावर माझी चार बोटं उमटली होती. मी काय बोललो माहीत आहे? म्हणालो, "कळत नाही त्या कामात हात घालू नये. रंग उडाला असता त्याचा."

रंग. त्या डबीला रंगच नसतो.

तिनं खाली बसून कुंकू गोळा केलं, फरशी पुसली आणि आत गेली. ती गेल्यावर मी पाटावरचा मोठा स्क्रू ड्रायव्हर उचलला. त्याच्यावर ताजी हळद होती. तुमचा नवमीचा नेम मी मोडला, हे लिहून ठेवतो. आलो, एक हात पाठीमागं घेतला आणि पातं दोन्ही जिभांवर टेकवलं. आबा, मनात म्हणत होतो, काही होऊ नये. मलकापूरच्या खांबावर काही झालं नव्हतं तसंच इथंही व्हावं, साखळी नुसती पडावी. पण फाडकन आवाज झाला, निळा उजेड पडला, आणि पात्याच्या टोकाला डाळीएवढा खड्डा पडला. तास उलटून गेला होता. आतून तिनं विचारलं, काय फुटलं? मी म्हणालो, बाहेर पोरांनी टिकल्या वाजवल्या. मग खुर्चीवर बसलो.

दसरा झाल्यावर मशीन पुन्हा बघितलं. डायोड आधीचाही चांगलाच होता. मॅग्नेट्रॉनकडे जाणाऱ्या तारेचं टोक, जिथं ते खटक्यात बसतं, तिथं ढिलं होऊन जळलं होतं. म्हणून तो भाग वीज घेत नव्हता, आणि म्हणूनच ती डबीत साठून राहत होती. पुस्तकातला तो रेझिस्टरही आत जळून गेलेला निघाला. दोन्ही दोष एकाच वेळी असण्याचं लिहिलेलं मी कुठं वाचलं नव्हतं. टोक कापून नवं बसवलं, कपॅसिटर नवा घातला, कपभर पाणी मिनिटात वाफाळलं. बाईंच्या पाहुण्यांना काही ते मिळालं नाही, पण न्यायला आल्या तेव्हा खूश होत्या. कुठं शिकलात हो हे, म्हणाल्या. मी म्हणालो, स्वतःच. तुमची सून आतल्या दारात उभी होती, तिनं ऐकलं.

तेव्हापासून तीन नवम्या झाल्या. ती अजून हत्यारं पुसते, पाटावर मांडते. पण ताट घेऊन दुकानात येत नाही. उंबऱ्यापाशी थांबते, ताट माझ्या हातात देते आणि म्हणते, "तुमची मशिनं तुम्हीच पुजा. मला त्यातलं काय कळत न्हाय." शेजारणीला सांगताना मी ऐकलं आहे, ते कामाच्या बाबतीत लई कडक, एकदा तर नवमीला ताट उडवलं. त्या दोघी हसतात. मी कडक आहे असं तिला वाटतं, आणि मी ते तसंच राहू दिलं आहे. कडक म्हणवून घ्यायला बरं वाटतं. निष्काळजी म्हणवून घ्यायला वाटलं नसतं.

भीती मात्र गेलेली नाही, आबा. ती नळाखाली हात धुते, ओल्या हातानं फ्रिज उघडते, इस्त्रीचा प्लग काढते, आणि मी हातातलं काम सोडून बघत राहतो. काय बघताय, विचारते. काही नाही म्हणतो. तिला कधीतरी सांगायचं म्हणून सुरुवात केली की ओठांवर येतं ते दुसरंच काहीतरी, लाईटबिल भरलं का, असलं. तुम्ही त्या टीव्हीच्या दिवशी बाहेर निघून गेलात तेव्हा किती वेळ कुठं बसला होता, याचा मी हल्ली फार विचार करतो.

हे चार कागद झाले. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, त्याची मला आधीपासून कल्पना होती. तरी तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही. ज्या माणसाला हे वाचून दाखवायला हवं ते माणूस आत भाकऱ्या थापतंय, मधे फक्त एक पडदा आहे, आणि त्याच्या पलीकडे जायला मला भीती वाटते.